दोन देशांचे व्याजधोरण आणि कोकणातील बागायतदार

मुंबईच्या रिझर्व्ह बँकेने व्याजाचा दर पाव टक्क्याने चढविला अथवा उतरविला, की वर्तमानपत्रांत त्याचा मजकूर मोठ्या अक्षरांत येतो. त्याच्या मागेपुढे अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हनेही काही तसेच केल्याचे वृत्त असते. लांजा तालुक्यातील बागायतदार तो मजकूर वाचतो. आणि आपले पीककर्ज सोसायटीचे, त्याचे व्याज ठरलेले, तेव्हा या उलाढालीशी आपणांस काय कर्तव्य, असे म्हणून पान उलटतो. त्याचे हे म्हणणे निम्मे खरे आहे. कोणते निम्मे खरे व कोणते नव्हे, हे समजण्यास या दोन देशांच्या मध्यवर्ती बँका एकच काम किती निराळ्या रीतीने करतात, हे पाहणे उपयोगाचे होईल, म्हणून तो विषय आम्ही येथे घेतला आहे.

प्रथम शब्दाचा खुलासा करू. मध्यवर्ती बँक म्हणजे बँकांची बँक. चलन काढणे व इतर बँकांस पैसा पुरविणे हा तिचा अधिकार. आपल्या रत्नागिरी जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेच्या नावातही हा शब्द आहे, परंतु तेथे त्याचा अर्थ जिल्ह्यातील सोसायट्यांची मध्यवर्ती पेढी एवढाच. त्यामुळे पुष्कळांचा घोटाळा होतो. एखाद्या बँकेस रोख पैशाची चणचण भासली, तर ती आपल्याजवळील सरकारी रोखे रिझर्व्ह बँकेकडे ठेवून थोड्या मुदतीची रक्कम उचलते. त्या उचलीवर जे व्याज पडते त्यास रेपो दर म्हणतात. हा दर चढला की बँकांस पैसा महाग पडतो व तो महागपणा त्या आपल्या ऋणकोंवर लोटतात. अमेरिकेत बँका एकमेकींस एका रात्रीपुरते जे उसने देतात, त्याच्या व्याजाची खालची व वरची मर्यादा फेडरल रिझर्व्ह जाहीर करते आणि स्वतःकडे ठेवलेल्या शिलकेवर बँकांस व्याज देऊन बाजारातील दर त्या मर्यादेत राखते. ठेवींचा ठराविक हिस्सा बिनव्याजी रिझर्व्ह बँकेत ठेवण्याचे बंधन आपल्या बँकांस आहे. अमेरिकेने मात्र मार्च २०२० मध्ये असे बंधन शून्यावर आणले. साधने अशी वेगळी असली तरी हेतू एकच, की पैसा स्वस्त किंवा महाग करून एकंदर भाववाढीस लगाम घालावा.

आता एक गोष्ट शेतकरी बंधूंनी अवश्य लक्षात ठेवावी. या दोन्ही बँकांच्या जन्माशी शेतीच्या हंगामाचा निकट संबंध आहे. अमेरिकेत दरवर्षी शरद ऋतूत गहू, कापूस, मका यांची खरेदी सुरू झाली की न्यूयॉर्कचा पैसा आतल्या प्रांतांकडे ओढला जाई, शहरांत रोकडीची टंचाई पडे आणि व्याज भडके. १९०७ सालच्या ऑक्टोबरात तर पेढ्यांवर धाव पडून मोठाच हाहाकार उडाला. हंगामाप्रमाणे ताणणारे व आकसणारे चलन असावे, या गरजेतून २३ डिसेंबर १९१३ रोजी फेडरल रिझर्व्हचा कायदा झाला. त्यात व्यापाऱ्यांच्या हुंड्यांस ९० दिवसांची मुदत घातली असता शेतीविषयक हुंड्यांस सहा महिन्यांपर्यंत सवलत होती, कारण पीक ९० दिवसांत हाती येत नाही, हे कायदा करणाऱ्यांस ठाऊक होते.

आपली रिझर्व्ह बँक १९३४ च्या कायद्याने, १ एप्रिल १९३५ पासून सुरू झाली. तिची शिफारस १९२६ साली हिल्टन यंग कमिशनने केली होती. त्या कमिशनपुढे साक्ष देणाऱ्यांत, आपल्याच जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे ज्यांचे मूळ गाव, ते डॉ. भीमराव आंबेडकर होते. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ सालीच प्रसिद्ध झाला होता. १९४३ साली या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले ते चिंतामणराव देशमुखही तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातले. रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात शेतकी कर्जाकरिता स्वतंत्र खाते असावे, असे कलम आरंभापासूनच होते. मध्यवर्ती बँकेने शेतीपतपुरवठ्याचे खाते स्वतःच्या घरात उघडावे, हा प्रकार मोठ्या देशांत विरळाच.

येथून पुढे दोघींच्या वाटा फुटल्या. अमेरिकेने शेतीकर्जाचे काम फेडरल रिझर्व्हकडे ठेविले नाही. १९१६ सालच्या कायद्याने तेथे शेतकऱ्यांकरिता जमीनतारण बँकांची निराळी यंत्रणा उभी राहिली. ती रोखे विकून पैसा उभारते आणि तो शेतकऱ्यांस देते. अर्थात रोख्यांवर जे व्याज द्यावे लागेल त्याहून कमी दराने ती शेतकऱ्यास कर्ज देऊ शकत नाही. म्हणजे फेडरल रिझर्व्हने दर चढविला की रोखेबाजार चढतो, आणि बाजार चढला की आयोवाच्या मकेवाल्याचे व्याज चढते. मध्ये आडोसा फारसा नाही.

या आडोशाच्या अभावी काय घडते, हे १९८० च्या दशकात दिसले. त्यापूर्वीच्या दहा वर्षांत अमेरिकेत धान्याची निर्यात वाढली, जमिनीच्या किमती चढत गेल्या आणि चढत्या किमतीच्या तारणावर शेतकऱ्यांनी आणखी जमीन घेतली. देशात भाववाढही बेसुमार झाली; १९८० साली ती सरासरी साडेतेरा टक्के होती. फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष पॉल व्होल्कर यांनी ६ ऑक्टोबर १९७९ पासून चलन आवळण्याचा निर्धार केला. डिसेंबर १९८० मध्ये बँकांचा उत्तम ग्राहकांस लावावयाचा दर साडेएकवीस टक्क्यांस गेला. आमच्या वाचकांनी हा आकडा पुन्हा वाचावा. हा गावच्या सावकाराचा नव्हे, अमेरिकेतील पहिल्या प्रतीच्या बँकांचा दर होय. १९८३ पर्यंत भाववाढ सुमारे तीन टक्क्यांवर उतरली, त्या अर्थी औषध लागू पडले. परंतु महाग व्याजाने डॉलर वधारला, परदेशांस अमेरिकन धान्य महाग पडू लागले, निर्यात खालावली आणि शेतमालाचे भाव पडले. आयोवा संस्थानात एकरी जमिनीची सरासरी किंमत १९८१ साली २,१४७ डॉलर होती, ती १९८६ साली ७८७ डॉलर झाली. ज्याने चढत्या भावात जमीन तारण ठेवून जमीन घेतली त्याचे कर्ज तसेच राहिले आणि तारण निम्म्याहून खाली आले. हजारो कुटुंबे शेतीवरून उठली. खुद्द शेतीकर्जाची यंत्रणाही बुडण्याच्या बेतात आली व १९८७ साली काँग्रेसला तिच्या मदतीकरिता स्वतंत्र कायदा करावा लागला. ही माणसे आळशी किंवा उधळी नव्हती. त्यांचा दोष एवढाच, की बदलत्या दराचे कर्ज व चढत्या भावाची जमीन या दोन्हींवर त्यांनी एकाच वेळी भरवसा ठेविला.

आपल्याकडे १९५१-५२ सालच्या ग्रामीण पतपाहणीत असे आढळले, की शेतकरी जेवढे कर्ज काढतो त्यापैकी सहकारी संस्थांकडून केवळ ३.१ टक्के व सरकारकडून ३.३ टक्के मिळते. बहुतेक सर्व भार सावकारावर. या पाहणीच्या समितीत धनंजयराव गाडगीळ होते. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने सहकारी बँकांस शेतीकरिता पैसा पुरविण्याचे काम अंगावर घेतले. १९६९ साली १४ मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. १९८२ साली शेतीकर्जाचे काम नाबार्ड या स्वतंत्र बँकेकडे गेले. व्यापारी बँकांनी आपल्या कर्जांपैकी १८ टक्के शेतीस द्यावीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. असला हिस्सा फेडरल रिझर्व्ह आपल्या बँकांस लावीत नाही.

या सर्वांवर कळस म्हणजे व्याजाची सूट. २००६-०७ पासून तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज सात टक्क्यांनी मिळावे अशी व्यवस्था केंद्र सरकारने केली व पुढे मुदतीत फेड करणाऱ्यास आणखी तीन टक्के सोडले. महाराष्ट्र सरकारने २०२१-२२ पासून उरलेलेही उचलले. तेव्हा मुदतीत फेडणाऱ्यास तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज बिनव्याजी पडू लागले. याचा परिणाम पाहा. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ महिन्यांत रिझर्व्ह बँकेने रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला. अमेरिकेने मार्च २०२२ ते जुलै २०२३ या काळात जवळजवळ शून्यावरून सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांपर्यंत मजल मारली. तिकडे शेतकऱ्याचे हंगामी कर्ज त्याबरोबर चढत गेले. इकडे लांज्याच्या सोसायटीतील सभासदाचे पीककर्ज होते त्याच दराने राहिले. पान उलटणाऱ्या बागायतदाराचे म्हणणे येथवर खरे आहे.

परंतु पीककर्ज म्हणजे सर्व कर्ज नव्हे. काजूप्रक्रियेचा कारखाना, आंब्याच्या रसाचा उद्योग, मुलाने हमरस्त्यालगत घातलेले दुकान, घरबांधणी, ही कर्जे या आडोशाबाहेर आहेत. १ ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांनी घरकर्जे व लहान उद्योगांची बदलत्या दराची नवी कर्जे रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडावीत, असा रिझर्व्ह बँकेचा हुकूम झाला. त्यापूर्वी रेपो दर बदलला तरी बँका आपल्या सोयीने, सावकाश बदल करीत. आता तीन महिन्यांच्या आत तो ऋणकोच्या खात्यावर उमटतो. सहकारी बँकांस ही सक्ती नाही. वीस लाखांचे असे कर्ज ज्याने २०२१ साली काढले, त्याचे वार्षिक व्याज दोन वर्षांच्या आत सुमारे पन्नास हजारांनी वाढले. या एका बाबतीत आपला लहान कारखानदार आता अमेरिकन शेतकऱ्याच्या पंक्तीस जाऊन बसला आहे.

बरे, ज्याचा कारखाना नाही, केवळ बाग आहे, त्याचे काय? काजूचे बी मार्चपासून मेअखेर हाती येते, आणि कारखाना मात्र वर्षभर चालावयाचा असतो. म्हणून कारखानदार हंगामात वर्षाचे बी भरून ठेवतो व त्याकरिता बँकेचा पैसा उचलतो. शंभर रुपये किलोचे बी सरासरी सहा महिने वखारीत राहिले, तर व्याजाचा दर एक टक्क्याने चढताच त्या किलोवर पन्नास पैसे अधिक पडतात. अडीच टक्क्यांनी चढताच सव्वा रुपया. हा सव्वा रुपया कारखानदार काजूगराच्या गिऱ्हाइकाकडून काढील किंवा बी विकणाऱ्याकडून. गिऱ्हाईक लांब आहे व त्यास बाहेरचा काजूही मिळतो. बी विकणारा दाराशी उभा आहे व त्यास पावसापूर्वी माल काढावयाचा आहे. तेव्हा बराचसा भार कोणावर पडत असेल, हे सांगावयास नको. दोन टन बी विकणाऱ्याचे, हा सर्व भार त्याच्यावर पडल्यास, अडीच हजार रुपये गेले. त्याच्या पीककर्जाच्या पासबुकात व्याज शून्य लिहिलेले असते. तरी त्याने व्याज भरले, एवढेच की ते खरेदीच्या भावातून भरले. घरी कोरडी जागा असलेल्याने किंवा चार शेतकऱ्यांनी मिळून बी नीट वाळवून काही आठवडे राखले, तर या हिशेबात त्यास थोडा हात राखता येतो. मात्र ओलसर बी ठेवण्यात नफ्यापेक्षा नुकसानच अधिक.

दुसरी वाट डॉलरची. अमेरिकेने व्याज चढविले की जगातील पैसा तिकडे धाव घेतो व रुपया उतरतो. मे २०१३ मध्ये फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष बर्नांकी यांनी रोख्यांची खरेदी पुढे कमी करण्याचा नुसता संकेत दिला. तेव्हा सुमारे ५५ रुपयांस मिळणारा डॉलर त्या ऑगस्टअखेर ६८ रुपयांच्या वर गेला. २०२२ साली तो जानेवारीत ७४ च्या आसपास होता, जुलैत त्याने ८० ओलांडले व ऑक्टोबरात ८३ ची मजल गाठली. येथेही दोन बँकांची रीत निराळी आहे. डॉलर जगाचेच चलन असल्याने फेडरल रिझर्व्ह त्याच्या विनिमयदराची फारशी फिकीर करीत नाही व बाजारात क्वचितच हात घालते. आपली रिझर्व्ह बँक मात्र रुपया एकदम कोसळू नये म्हणून आपल्या गंगाजळीतून डॉलर विकते. ही गंगाजळी सप्टेंबर २०२१ मध्ये सुमारे ६४२ अब्ज डॉलर होती, ती ऑक्टोबर २०२२ मध्ये ५२५ अब्जांच्या आसपास आली. त्यातील काही घट परदेशी रोख्यांच्या किमती उतरल्याने झाली, सर्वच विक्रीमुळे नव्हे.

याचा काजूशी संबंध असा, की देशातील कारखान्यांस आपले बी पुरत नाही. आयव्हरी कोस्ट, टांझानिया, बेनिन अशा आफ्रिकी देशांतून ते येते व त्याचे मोल डॉलरांत चुकवावे लागते. टनास १,२०० डॉलर भाव धरला, तर ७५ रुपयांच्या डॉलराने किलोस ९० रुपये पडतात, ८३ च्या डॉलराने ९९ रुपये ६० पैसे. आयात बी महागले म्हणजे गावच्या बियास तेवढा टेका मिळतो. आफ्रिकेतील पीक उदंड आले किंवा व्हिएतनामचे खरेदीदार मागे हटले, तर हा टेका कोठल्या कोठे जातो, हेही खरे. शिवाय रुपया उतरला की डिझेल व परदेशी खतांचा खर्च चढतो. युरियाची किंमत सरकारने बांधून दिली असल्याने ती झळ खातेदारास थेट लागत नाही, परंतु इतर खतांस लागते. म्हणजे बागेवाल्यास एका हाताने मिळते व दुसऱ्या हाताने जाते. ज्याच्याकडे बी पुष्कळ व खत-डिझेलाचा खर्च थोडा, त्याचे पारडे जड. वेंगुर्ल्याच्या सुधारलेल्या जातींची कलमे लावून खतपाण्यावर अधिक खर्च करणाऱ्याने हा हिशेब कागदावर मांडून पाहावा.

तिसरी गोष्ट भाववाढ मोजण्याची, आणि येथे आमचे मत आम्ही स्पष्टपणे मांडतो. फेडरल रिझर्व्हवर १९७७ च्या कायद्याने स्थिर किमती व भरपूर रोजगार, ही दोन्ही जबाबदाऱ्या आहेत. २०१२ साली तिने भाववाढीचे उद्दिष्ट दोन टक्के असे जाहीर केले. आपल्याकडे २०१६ साली कायदा दुरुस्त होऊन सहा जणांची समिती नेमली गेली व चार टक्के, दोहीकडे दोन टक्क्यांची सूट, असे उद्दिष्ट ठरले. आकडे जवळजवळ आहेत, पण मापाची टोपली फार वेगळी. अमेरिकन ग्राहकाच्या खर्चात अन्नाचा वाटा सुमारे एक-सप्तमांश. शिवाय अन्न व इंधन वगळून उरणाऱ्या भाववाढीकडे तेथील बँक विशेष लक्ष देते. आपल्या २०१२ या पायाभूत वर्षाच्या निर्देशांकात अन्नपेयांचा वाटा ४५.८६ टक्के होता. तेव्हा भारतात भाववाढ रोखणे म्हणजे पुष्कळ अंशी शेतमालाचे भाव रोखणे असे होऊन बसते. व्याज चढवून टोमॅटो पिकत नाही. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोच्या कडाडण्याने भाववाढ ७.४४ टक्क्यांस गेली, ती रेपो दराने नव्हे, नवे पीक आल्याने उतरली. बँकेचे हत्यार चालत नाही तेथे सरकार आपले चालविते. २० जुलै २०२३ रोजी पांढऱ्या बिगरबासमती तांदळाची निर्यात बंद झाली, ती सप्टेंबर २०२४ पर्यंत बंद राहिली. कांद्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये चाळीस टक्के निर्यातकर बसला व डिसेंबरात निर्यातच थांबविली गेली.

लांज्याच्या खातेदारास या बंद्यांची झळ लागली नाही, हे कबूल केले पाहिजे. येथील भात बहुतेक घरीच खपते, आणि कांदा आपण विकत घेणारे. आंबा व काजू यांवर असली बंदी आली नाही. किंबहुना कांदा स्वस्त राहिला तर आपला फायदाच. परंतु चार टक्क्यांचे उद्दिष्ट गाठण्याचा खर्च नाशिक-नगरच्या कांदेवाल्याने एकट्याने सोसावा, ही वाटणी आम्हांस न्याय्य वाटत नाही. अमेरिकेत १९८० च्या दशकात शेतकऱ्यास व्याजाने मारले. आपल्याकडे व्याजापासून त्यास राखले आणि भावाने धरले. दोहोंत आपली रीत बरी, असे आम्ही म्हणू, कारण एक हंगाम भाव गेला तरी जमीन राहते. तरी निर्यात थांबविण्यापूर्वी पेरणीच्या वेळी सूचना मिळणे, एवढे तरी शेतकऱ्याचे मागणे रास्त आहे.

आता व्यवहारापुरते. पीककर्जावरील सवलत ही मुदतीत फेडण्यावर अवलंबून आहे. एका लाखावर मुदत चुकली की सूट गेली, आणि वर्षाचे सात हजार रुपये, त्यावर थकबाकीचा दंड, हे सर्व अंगावर येते. रेपो दर कितीही उतरला तरी हे नुकसान भरून निघत नाही, म्हणून मुदतीची तारीख सोसायटीच्या सचिवाकडून लेखी घ्यावी. कारखान्याचे किंवा घराचे कर्ज काढताना दर बांधील आहे की बदलता, बदलता असल्यास तो कोणत्या दराशी जोडला आहे, बँकेने त्यावर स्वतःची किती भर घातली आहे व तो किती महिन्यांनी बदलतो, हे करारनाम्यात वाचून घ्यावे. तोंडी उत्तरावर विसंबू नये. दर उतरत असताना बदलते कर्ज गोड लागते. रेपो दर मे २०२० मध्ये चार टक्क्यांवर आला, तेव्हा पुष्कळांनी हप्ता त्या दराने बसविला आणि तीन वर्षांच्या आत तो साडेसहाच्या हिशेबाने भरला. आपला हप्ता अडीच टक्के अधिक दराने बसवून पाहावा. तरीही काजूच्या मंद्या वर्षात तो निघत असेल, तर खुशाल सही करावी.